फिक्कं असतं म्हणे!

'बाहेरच्या देशात खायचे फार हाल होतात हो', हे वाक्य आपल्याकडे ज्यांनी पासपोर्टसुद्धा काढलेला नाही तेही छातीठोकपणे सांगतात. मी त्यातलाच. गेल्या डिसेंबरात शेवटची व्हायवा आटोपली आणि दादाबरोबर फिलिपिन्सला जायचा योग आला. बॅगेत कपडे कमी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेथीचे ठेपले आणि उपम्याची पाकिटं जास्त.

दादा मर्चंट नेव्हीत आहे. जगातल्या कुठल्याही बोटीवर चढा, फिलिपिनो माणूस भेटतोच. दादाचा तिथला जिवाभावाचा दोस्त असाच, नेग्रोस बेटावरच्या बाकोलोद शहरातला. ऊस आणि साखर कारखान्यांचा मुलूख. सांगली-कोल्हापूरच्या मंडळींना विमानातून उतरल्या उतरल्या घरी आल्यासारखं वाटेल.

घरच्यासारखं वागलो नाही तो मी. पहिल्याच रात्री दोस्ताच्या आईने (तिकडे काकूला तिता म्हणतात) आदोबो वाढलं. म्हणजे व्हिनेगर, सोया सॉस, लसूण आणि तमालपत्रात शिजवलेली कोंबडी. आता कोंबडी मला वर्ज्य नाही, मेसमध्ये बुधवार-रविवार मी रांगेत पहिला असतो. पण तो व्हिनेगरचा वास आला आणि मी सरळ 'पोट बिघडलंय' असं सांगून खोलीत गेलो. दार लोटून ठेपला काढला. दुसरा घास तोंडात असतानाच तिता दारात! माझ्या पोटासाठी आल्याचा गरम काढा घेऊन. तिने ठेपल्याकडे पाहिलं, कप टेबलावर ठेवला आणि काही न बोलता गेली.

रात्री दादाने धुतला. 'तिचा पोरगा दोन वर्षं बोटीवर आईचं लिंबाचं लोणचं खातोय, बोटं चाटून. आणि तू?'

तिसऱ्या दिवशी ठेपले संपले. दुपारी दादा आणि दोस्त कामाला गेलेले, मी एकटाच भटकत होतो. एका वळणावर धूर दिसला. आधी वाटलं कचरा पेटवलाय. मग वास आला आणि पाय आपोआप तिकडे वळले. पत्र्याची शेड, लाकडी बाकं आणि दर्शनी भागात लांबच्या लांब लोखंडी शेगडी. बांबूच्या काड्यांना टोचलेल्या कोंबडीच्या तंगड्या ओळीने निखाऱ्यांवर. एक माणूस हातपंख्याने वारा घालतोय, मधेच ब्रशने केशरी तेल फासतोय. तेलाचा थेंब निखाऱ्यावर पडला की चर्रर्र, धुराचा लोट, आणि तोच धूर परत कोंबडीला.

हेच ते चिकन इनासाल. इनासाल म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं. गल्ल्यावरच्या मानांगने (म्हणजे ताईने) मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. कोंबडी व्हिनेगर, कालामान्सी नावाचं इटुकलं लिंबू, आलं, लसूण आणि गवती चहात मुरवायची. होय, गवती चहा! जो आपण कटिंगमध्ये टाकतो तोच. केशरी रंग शेंद्रीच्या बियांचा. हे झाड मूळ अमेरिका खंडातलं, स्पॅनिश लोकांनी तिथे नेलेलं. त्यातलं बिक्सिन हे रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, म्हणून बिया तेलात तापवतात. (केमिकलवाल्यांनी नोंद घ्यावी. आमच्या मेकॅनिकलवाल्यांनी फक्त खावं.)

ताटात लसूण घातलेला भात, वरून तेच केशरी तेल. बाजूला कच्च्या पपईचं लोणचं, नाव 'आचारा'. आपल्या अचाराचा नातेवाईकच तो, नावावरूनच कळतं. एरवी ही माणसं चमचा-काट्याने जेवतात, पण इनासाल हातानेच खायचं. त्याला किनामोट म्हणतात. मी बाह्या सरसावल्या. मिरच्या घातलेल्या व्हिनेगरच्या वाटीत तुकडा बुडवला, घास घेतला आणि थांबलो. तिताच्या ताटापासून पळून आलो होतो तो वास हाच. दोनदा भात मागून घेतला.

फिक्कं? कोण म्हणतं?

याच पदार्थाच्या जोरावर 2003 साली शेजारच्या इलोइलो शहरात 'मांग इनासाल' नावाचं दुकान निघालं. त्याची देशभर साखळी झाली आणि 2010 मध्ये जॉलिबी कंपनीने तिचा 70 टक्के हिस्सा विकत घेतला. मॉलमधल्या एसीत तेही खाऊन पाहिलं. बरं आहे. पण पंख्यावाला माणूस तिथे दिसत नाही.

आपल्याकडे सहलीबरोबर आचारी नेतात आणि आल्प्स पाहून आल्यावर लोक कौतुकाने सांगतात, 'तिकडेही पिठलं मिळालं!' वयस्कर माणसांचं, पथ्यपाण्याचं मी समजू शकतो. पण विशीतल्या पोराने न चाखताच नाक मुरडायचं? मी मुरडलं, म्हणूनच बोलतोय. आणि हे करायला फिलिपिन्सलाच जावं लागतं असंही नाही. मागच्या सेमिस्टरला आमच्या विंगमधून रेक्टर सरांकडे एक अर्ज गेला होता. मणिपूरच्या मित्राच्या खोलीतून मासळीचा वास येतो, बंदोबस्त व्हावा. सह्या करणाऱ्यांत दोघे रत्नागिरीचे होते, ज्यांच्या घरी पावसाळ्यात सुकट-बोंबलाशिवाय पान हलत नाही. आणि तिसरी सही माझी होती. त्याने ती मासळी खोलीत आणणंच बंद केलं. तोही तितासारखाच काही बोलला नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी मी तिताकडे आदोबो मागून घेतलं. दुसऱ्यांदा वाढताना तिने गंभीर चेहऱ्याने विचारलं, 'पोट ठीक आहे ना आता?' सगळे हसले. मी ताटात डोकं घातलं. मानांगने शिकवलेलं 'नामित गिद', म्हणजे 'लय भारी', तेवढं कसंबसं म्हणालो.

तर रेक्टर सरांना या पानावरून विनंती, की त्या अर्जावरची माझी सही खोडावी. बाकी दोघांचं ते बघतील. हॉस्टेलमागे नळाजवळ गवती चहा माजलाय, कालामान्सीऐवजी कागदी लिंबू चालेल. पुढच्या रविवारी प्रयोग करायचा बेत आहे. मणिपूरचा मित्र आधी नाही म्हणाला, मग म्हणाला, चटणी मी करतो, पण वासाची तक्रार करायची नाही. मेसचे काका शेगडी द्यायला तयार आहेत. कोळसा मात्र आमचा आम्हीच आणायचा आहे.