प्रलय पाहणाऱ्यांच्या बाजूने

जग कोसळल्यावर उरलेली मूठभर माणसं कशी तगतात, हे सांगणारे चित्रपट आणि मालिका आज महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या घराघरांत मोबाइलवर पाहिल्या जातात. कोरियन झोंबी असोत, हॉलिवूडचं पाणी आटलेलं वाळवंट असो, की कर्जात बुडालेल्या माणसांना जीवघेणे खेळ खेळायला लावणारा ‘स्क्विड गेम’ असो, हिंदी डबिंग झालं की ते निपाणीच्या कॉलेजकट्ट्यापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. या आवडीबद्दल शिकल्यासवरल्या मराठी माणसाचा निकाल तयार असतो. कोणी म्हणतं, हा पोट भरलेल्यांचा चाळा आहे. ज्याने उपासमार भोगली नाही त्यालाच उपासमारीचा तमाशा पाहवतो. कोणी जरा अधिक विचार करून म्हणतं, हे चित्रपट तरुण मनात निराशा पेरतात, माणूस मुळात लांडगाच आहे असं शिकवतात. हे दोन्ही निकाल मला चुकीचे वाटतात. माझं म्हणणं असं आहे की प्रेक्षक तिथे विनाश बघायला बसत नाही. पोलीस, सरकार, बाजार, नाती हे सगळं गळून पडल्यावर कोण कोणासाठी मागे थांबतं, हे त्याला बघायचं असतं. विनाश ही त्या परीक्षेची केवळ जागा असते.

पोट भरलेल्यांचा चाळा हा आरोप आधी घेऊ, कारण बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात तो एक क्षणही टिकत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर चढलं आणि दोन राज्यांना जोडणारा हा रस्ता बंद पडला. तिकडे कोल्हापूरजवळ पंचगंगेने तोच रस्ता अडवला होता, म्हणजे मधली गावं दोन्हीकडून कोंडली गेली. कृष्णा, दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभा, एकाही नदीने त्या वर्षी दया दाखवली नाही. गोकाकच्या पेठेत पाणी शिरलं, चिकोडी तालुक्यातली कृष्णाकाठची गावं रिकामी करावी लागली, माणसं जनावरांसह काळजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी निवाऱ्यात, गेली. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैमध्ये, महामार्गावर पुन्हा पाणी आलं. या दोन पुरांच्या मध्ये कोरोना होता. कोगनोळीच्या तपासणी नाक्यावर आधी पास आणि पुढे आरटी-पीसीआरचा अहवाल दाखवल्याशिवाय महाराष्ट्रातून कर्नाटकात पाऊल टाकता येत नव्हतं. ज्यांचं माहेर कागलला आणि सासर निपाणीला, अशा बायकांसाठी काही किलोमीटरचा रस्ता परदेशासारखा झाला. नाका, कागद, बंदूकधारी पहारा आणि पलीकडे अडकलेलं माणूस ही डिस्टोपियन चित्रपटातली नेहमीची चौकट आहे, आणि इथल्या प्रेक्षकाने ती भर दुपारी आपल्या रस्त्यावर पाहिलेली आहे. कर्जाचंही तेच. ‘स्क्विड गेम’ २०२१ च्या सप्टेंबरात आला. त्यातले ४५६ स्पर्धक पैशाने पुरते नागवलेले आहेत, म्हणूनच ते मरणाच्या मैदानात स्वतःच्या पायाने परत येतात. फायनान्सवाल्यांच्या वसुलीच्या जाचामुळे २०२५ च्या फेब्रुवारीत ज्या कर्नाटकाला खास अध्यादेश काढावा लागला, तिथल्या विडी वळणाऱ्या बाईच्या मुलाला ही गोष्ट परकी का वाटावी?

इथे प्रतिपक्ष पवित्रा बदलून विचारेल: ज्यांनी हे भोगलं त्यांनी तर त्यापासून तोंड फिरवायला हवं, दारात पाणी आलेल्या माणसाला पडद्यावर पूर कशाला? प्रश्न जुना आहे आणि आपल्या साहित्यशास्त्राने तो फार गंभीरपणे घेतलेला आहे. भीतीचा भयानक रस कसा होतो, शोकाचा करुण कसा होतो, याचं अभिनवगुप्ताने दिलेलं उत्तर साधारणीकरणाचं आहे: रंगभूमीवरची भीती माझी नसते, शत्रूची नसते, त्रयस्थाचीही नसते, ती कोणा एकाची उरत नाही म्हणूनच तिचा आस्वाद घेता येतो. मराठीत न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदा साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून सविकल्प समाधीची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि त्याच वेळी स्वतःचं स्वतःपण सोडत नाही, या दुहेरी अवस्थेतून वाङ्मयाचा आनंद येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ते इथे नेमकं लागू पडतं. खरा पूर येतो तेव्हा माणसाला काही बघायला सवड नसते. म्हैस सोडायची, धान्य माळ्यावर चढवायचं, म्हाताऱ्या आईला उचलायचं, एवढंच डोक्यात असतं. आपण त्या रात्री कसे वागलो, शेजाऱ्याची हाक ऐकू आली होती की नाही, हे प्रश्न पाणी ओसरल्यावर येतात आणि पंचनाम्याच्या गडबडीत बुजून जातात. चित्रपट तीच वेळ पुन्हा समोर आणतो, पण या वेळी जीव धोक्यात नसतो, म्हणून बघता येतं. साथीवरचा ‘कंटेजन’ हा २०११ चा चित्रपट २०२० च्या सुरुवातीला, खरी साथ दाराशी असताना, जगभर लोकांनी शोधून पुन्हा पाहिला. संकटाने घाबरलेली माणसंच संकटाची गोष्ट मागत होती. त्या वेळी त्यांचं पोट भरलेलं होतं म्हणून ते पाहत होते, असं कोण म्हणेल?

आता हा प्रेक्षक नेमकं काय बघतो ते चित्रपटांतच तपासू. ‘ट्रेन टू बुसान’ (२०१६) हा या प्रकारातला आपल्याकडे बहुधा सर्वांत परिचित चित्रपट. त्यातला बाप शेअर बाजारातला मुरलेला माणूस आहे. मुलगी म्हातारीला बसायला जागा देते तेव्हा तो तिला सांगतो की अशा वेळी फक्त स्वतःचं बघायचं. पुढची सगळी गाडी म्हणजे या एका वाक्याची उलटतपासणी आहे. एक डबा दुसऱ्या डब्यातल्या जिवंत माणसांना आत घेत नाही. एक धिप्पाड नवरा आपल्या गरोदर बायकोला आणि इतरांना पुढे जाऊ द्यावं म्हणून दार अडवून उभा राहतो आणि तिथेच संपतो. शेवटी तो बापही मुलीसाठी मरतो. चित्रपट पाहिलेल्या कोणालाही विचारा, झोंबींची संख्या त्याच्या लक्षात नसते, दार धरून उभा राहिलेला माणूस असतो. ‘चिल्ड्रन ऑफ मेन’ (२००६) मध्ये सगळं जग वांझ झालेलं आहे. त्यात गोळीबार चालू असताना बाळाचं रडणं ऐकू येतं आणि दोन्ही बाजूंचे बंदूकधारी काही क्षण थबकतात. चित्रपटाचा कळस स्फोटात नाही, त्या थबकण्यात आहे. या प्रकारातल्या चांगल्या कृतींची बांधणी अशीच असते. अंधार जितका दाट, तितकी तिथली छोटी माणुसकी ठळक. प्रेक्षक अंधारासाठी पैसे मोजतो हा समज म्हणूनच उथळ आहे. केरळातल्या २०१८ च्या महापुरावर त्याच वर्षाचं नाव घेऊन २०२३ मध्ये आलेला मल्याळम चित्रपट तर या मुद्द्याचा उघड पुरावा आहे. त्यात खलनायक नाही, पाणी आहे आणि होड्या घेऊन धावलेले मच्छीमार आहेत. तो तोवरचा सर्वाधिक कमाई करणारा मल्याळम चित्रपट ठरला. विनाशाचीच गोडी असती, तर शत्रूच नसलेल्या गोष्टीला एवढी गर्दी झाली नसती.

आणि ही गोडी बाहेरून आलेली नाही. आंबोली घाट उतरून मालवण तालुक्यात गेलं की आचरे आणि चिंदर या गावांची गावपळण ऐकायला मिळते. काही वर्षांच्या अंतराने, देवाचा कौल घेऊन, अख्खं गाव तीन दिवस घरंदारं सोडतं. गुरं, कुत्री, कोंबड्या, तान्ही पोरं, अंथरुणावरचे म्हातारे, सगळ्यांना घेऊन लोक वेशीबाहेर झावळ्यांच्या झोपड्या उभारतात. गावात चूल पेटत नाही. हे नेमकं सर्वनाशानंतरचं चित्र आहे: रिकामं गाव, माळावरची वस्ती, एकत्र शिजवलेलं अन्न. या चित्राला कोणी विकृती म्हणत नाही, कारण त्या तीन रात्रींत काय घडतं ते सगळ्यांना माहीत असतं. भजनं होतात, खेळ होतात, एरवी बांधावरून भांडणारे एका पंगतीला बसतात, मुंबईची नोकरी सोडून चाकरमानी त्यासाठी गावी येतात. बेळगाव भागातही यात्रेआधी वार पाळण्याची चाल आहे. ठरलेल्या वारी शेतात औत जात नाही, सगळं गाव एकदम थांबतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यात प्लेग पसरला तेव्हा माणसं गावं सोडून रानात झोपड्या बांधून राहत होती. अशा स्थलांतराच्या आठवणी आणि गावपळण यांचा थेट धागा मी जोडत नाही, तसा दावा करायला पुरावा लागेल. पण एवढं नक्की की घर सुटलं तरी गाव सुटत नाही, हे स्वतःला पुन्हा पुन्हा दाखवून देण्याची गरज या मुलखाला फार पूर्वीपासून आहे. पडद्यावरच्या प्रलयात प्रेक्षक तेच शोधतो. शहरात आलेल्या, दार बंद करून राहणाऱ्या माणसाची गावपळण आता मोबाइलवर होते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप नैराश्याचा. व्यवस्था कोसळली की माणूस माणसाचा गळा धरतो, असं हे चित्रपट सांगतात आणि ते खोटं आहे, असा तो आक्षेप. त्याची अर्धी बाजू मला मान्य आहे. एनरिको क्वारंटेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात १९६३ मध्ये आपत्ती-संशोधन केंद्र सुरू केलं आणि दशकानुदशकं भूकंप-वादळांत माणसं कशी वागतात हे तपासलं. घबराटीने बेभान झालेला जमाव ही गोष्ट त्यांना क्वचितच सापडली. शेजाऱ्याने शेजाऱ्याला वाचवणं मात्र जागोजाग सापडलं. इथेही २०१९ मध्ये महामार्गावर अडकलेल्या ट्रकचालकांना भाकरी पोहोचवायला कोणाच्या आदेशाची वाट गावांनी पाहिली नाही. मात्र २०२० चा उन्हाळाही याच माणसांचा आहे. तेव्हा दोन्ही राज्यांतल्या कितीतरी गावांनी काटेरी झुडपं टाकून, चर खणून रस्ते बंद केले आणि मुंबई-पुण्याहून चालत आलेल्या आपल्याच लेकरांना वेशीवर अडवलं. भाकरी देणारे हात आणि काटे टाकणारे हात वेगवेगळ्या गावांचे नव्हते. म्हणून डबा आतून बंद करणारी माणसं पडद्यावर दिसतात तेव्हा ती बदनामी होत नाही. पाहणाऱ्याला प्रश्न पडतो, की त्या दारापाशी मी कुठल्या बाजूला होतो. निराश माणसाला असा प्रश्न पडत नाही. कोल्टन स्क्रिव्हनर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात झोंबी, सर्वनाश अशा प्रकारांची आवड असलेल्या माणसांनी साथीच्या काळात आपली तयारी इतरांपेक्षा अधिक असल्याचं सांगितलं. तीनशेच्या आसपास माणसांचा हा अभ्यास परस्परसंबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण हे चित्रपट माणसाला खचवतात, असं म्हणणाऱ्यांच्या हाती एवढाही पुरावा नाही.

राहिला राजकीय आक्षेप: हे चित्रपट एकट्याने सुटका करून घ्यायला शिकवतात, अन्यायाविरुद्ध उभं राहायला नाही. ज्या निपाणीत १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक महामार्गावर ठाण मांडून बसले, गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले, त्या निपाणीने असा आक्षेप घेतला तर त्याचा मान राखलाच पाहिजे. एकटा नायक, हातात बंदूक आणि मागे पडलेली मढी एवढ्यावर भागवणारे पुष्कळ चित्रपट आहेत आणि त्यांची वकिली मी करणार नाही. पण बोंग जून-हो यांच्या ‘स्नोपिअर्सर’मधली (२०१३) शेवटच्या डब्यातली माणसं इंजिनापर्यंत एकट्याने जात नाहीत. मराठीतला आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ (२०२२) विनोदी ढंगाचा असला तरी टोलेजंग सोसायटी आणि तिच्या शेजारची वस्ती यांच्यातली दरी त्याने आपल्याच शहराच्या नावानिशी दाखवली, आणि सोसायटीचं फाटक कोणासाठी उघडायचं हा प्रश्न उपनगरातल्या मराठी प्रेक्षकापुढे ठेवला. जमाव आणि समाज यांतला फरक दाखवणं हे राजकारणच आहे. फाटक उघडायला लावणारा चित्रपट चांगला, ते बंद ठेवल्याबद्दल नायकाच्या गळ्यात हार घालणारा वाईट. या कसोटीने निवड करावी. अख्खा प्रकार बाद करू नये.

म्हणून घरातलं पोर रात्री उशिरापर्यंत असा चित्रपट पाहत बसलं तर त्याला हटकण्याआधी शेजारी बसून तो पाहावा आणि संपल्यावर कोण मागे थांबलं याविषयी त्याच्याशी बोलावं. आणि मराठी दिग्दर्शकांना एक विनंती. यमगर्णीचा बुडालेला महामार्ग, कोगनोळीचा नाका, कृष्णाकाठची काळजी केंद्रं, काटे टाकलेल्या वेशी आणि त्या काट्यांवरून पलीकडे ठेवलेले भाकरीचे डबे, हे सगळं मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणाऱ्या माणसांनी एकत्र भोगलेलं आहे. केरळाने आपल्या पुराचा चित्रपट पाच वर्षांत केला. आपला पूर जगलेली माणसं अजून सांगायला हयात आहेत, त्यांच्याकडे जा.