आग्रहाच्या पंगतीतील संकल्प

वजन कमी करण्याचा संकल्प सोडणाऱ्याला पहिला विरोध होतो तो बहुधा स्वतःच्या घरातूनच. हे विधान काहींना कटू वाटेल. परंतु वैद्यकीय व्यवसायातील आपणा सर्वांच्या नित्य अनुभवाचे ते सार आहे. रुग्ण तपासणीच्या खोलीतून निर्धाराने बाहेर पडतो आणि आठ-पंधरा दिवसांत त्या निर्धाराची धार बोथट होते. आपण मात्र त्याच्या मनोबलास दोष देऊन मोकळे होतो. माझ्या मते हे निदानच अपुरे आहे.

हा विरोध मायेच्या रूपाने येतो, म्हणूनच तो परतवणे कठीण. ‘एका पुरणपोळीने काय होतंय?’, ‘सणासुदीला तरी नाही म्हणू नकोस’, ‘गाल किती बसले रे तुझे, बरं नाही का?’ ही वाक्ये कोणत्या मराठी घरात ऐकू येत नाहीत? ज्या पिढ्यांनी टंचाई पाहिली, त्यांच्या दृष्टीने भरलेले अंग हे खात्यापित्या घराचे लक्षण होते. ‘खाऊन माजावे, टाकून माजू नये’ ही शिकवण अंगमेहनतीच्या काळात योग्यच होती. आज मेहनत गेली, शिकवण राहिली. त्यातून आपण इंदूरकर! पंगतीतला तुपाचा हात पूर्वजांनी सोबत आणला आणि माळव्याने त्यात शेव, दाल-बाफले, सकाळची पोहे-जिलबी व रात्रीचा सराफा यांची भर घातली. एका सायंकाळी चार घरी गेल्यास चार वेळा गोड चहा होतो आणि ‘बिनसाखरेचा द्या’ असे म्हणणारा पाहुणा यजमानास उगाच परका वाटू लागतो.

याहून अवघड स्थिती गृहिणीची असते. तिने पथ्य पाळायचे ठरवले, तरी घरच्यांसाठी तळण तिलाच करावे लागते. ‘आम्हाला तुझं पथ्याचं जेवण नको’ असे मुले सांगतात. सकाळी फिरावयास जावे तर डब्यांची घाई आडवी येते. अशा स्त्रीस केवळ ‘जिभेवर ताबा ठेवा’ असे सांगणे हा उपचार नव्हे.

शरीरही या काळात माणसाची साथ देतेच असे नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दहा आठवड्यांच्या कडक आहाराने वजन घटवलेल्या व्यक्तींमध्ये भूक वाढवणाऱ्या अंतःस्रावांचे प्रमाण वर्षभरानंतरही चढेच आढळले. म्हणजे ज्यास आपण ‘हावरटपणा’ म्हणतो, तो पुष्कळदा शरीराचा प्रतिकार असतो. आतून भूक आणि बाहेरून आग्रह अशा दुहेरी पेचात एकट्याची जिद्द किती काळ टिकावी?

टोमण्यांनी जिद्द वाढते, हाही भ्रमच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१४ साली पन्नाशी ओलांडलेल्या सुमारे तीन हजार व्यक्तींचा चार वर्षांचा आढावा मांडला. वजनावरून अवहेलना वाट्यास आल्याचे सांगणाऱ्यांचे वजन सरासरी सुमारे एक किलोने वाढले होते. इतरांचे किंचित घटले होते. थट्टा करणाऱ्या मित्रांनी आणि रुग्णास सर्वांदेखत झापणाऱ्या आपणा डॉक्टरांनीही हे ध्यानी घ्यावे.

उलट, एकाच्या प्रयत्नाचा लाभ दुसऱ्यासही होतो. अमेरिकेतील मधुमेही रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासाचा २००८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष सांगतो, की रुग्णास आहार-व्यायामाचे सघन मार्गदर्शन मिळाले, तेव्हा कोणताही उपचार न घेतलेल्या त्याच्या जोडीदाराचे वजनही वर्षभरात सरासरी दोन किलोंहून थोडे अधिक उतरले. स्वयंपाकघर एकच असते, त्याचा हा परिणाम! पथ्य करणारा घरावर ओझे टाकत नाही. तो घरास काही देतच असतो.

मग संकल्प करणाऱ्याने काय करावे? एक, कारण एका वाक्यात सांगावे. ‘मला बारीक व्हायचंय’ यापेक्षा ‘साखर आटोक्यात आणायची आहे’ हे सासूबाईंनाही पटते. दोन, मोघम पाठिंब्याऐवजी नेमकी मदत मागावी: शेवेचा डबा टेबलावर नको, सकाळचा अर्धा तास माझा. तीन, काट्यावरील आकड्यास एकमेव साक्षीदार मानू नये. कंबरेचा घेर, जिना चढताना लागणारी धाप, तपासणीतील साखर यांतही प्रगती दिसते. काटा अडला तरी उमेद टिकते. चार, घरात कोणीच साथ देत नसेल, तर बाहेर एक सोबती शोधावा. रोज बागेत वाट पाहणारा एक माणूस दहा उपदेशांहून उपयोगी पडतो. आणि एखादे दिवशी पथ्य मोडले, तर दुसऱ्या सकाळी पुन्हा सुरुवात करावी. सोमवारची वाट पाहू नये.

मात्र घरच्यांची प्रत्येक काळजी झिडकारण्याजोगी नसते. विशेष प्रयत्न न करता वजन उतरत असेल, किंवा उपासमारीने चक्कर येत असेल, तर ‘वाळलास’ म्हणणारी आई योग्यच बोलत असते. तिचे ऐकून तपासणी करून घ्यावी.

डॉक्टर बंधु-भगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते, की आहाराचा तक्ता रुग्णाच्या हाती देताना त्याचे स्वयंपाकघर कोणाच्या हाती आहे, हेही विचारावे. ‘पुढच्या खेपेस वहिनींना घेऊन या’, ‘मुलाला सोबत आणा’ या वाक्यांना औषधाच्या चिठ्ठीत स्थान मिळाले पाहिजे.

आणि समाजबांधवांना एक विनंती. आग्रह ही आपली सुंदर परंपरा आहे. ती मोडावयाची नाही. फक्त आग्रह एकदाच करावा. समोरच्याने ताटावर हात आडवा धरला, की वाढप्याने हसून पुढे जावे. आपल्या पुढील स्नेहभोजनाच्या पंगतीपासूनच ही रीत सुरू करता येईल.