पिकअपचा ‘श्वास’ मोकळा केला की मायलेज वाढते?

भाजीपाला वाहणाऱ्या पिकअपला लिटरमागे एक किलोमीटर जास्त मिळाला, तरी महिन्याचा हिशेब बदलतो. म्हणूनच एअर फिल्टरचा मूळ डबा काढून उघडा कोन फिल्टर बसवण्याचा गॅरेजवाल्याचा सल्ला चटकन पटतो. हवा जास्त, तर मायलेज जास्त! डिझेल गाडीला हे गणित लागू पडत नाही.

डिझेल इंजिन एरवीच गरजेपेक्षा जास्त हवा ओढते. ताकद ठरते ती आत जाणाऱ्या डिझेलवर. त्यात टर्बो हवा दाबून भरतोच. मग वाट रुंद करून डिझेल वाचणार कुठून? पेट्रोल गाड्यांचीही कथा वेगळी नाही. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेच्या २००९ च्या अहवालानुसार, फिल्टर मुद्दाम तुंबवूनही आधुनिक इंजेक्शन गाड्यांच्या मायलेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. गाडी वेग घ्यायला मात्र मंदावली.

तोटा मात्र खरा आहे. मूळ डबा बाहेरची थंड हवा घेतो, उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली. खाणीच्या किंवा शेताच्या रस्त्यावर हलक्या फिल्टरमधून बारीक धूळ आत शिरली, की टर्बोची पाती आणि पिस्टनच्या रिंगा घासतात. इंजिन ऑइल खाऊ लागते. वॉरंटीचा वाद वेगळाच. त्यापेक्षा मूळ फिल्टर वेळेवर बदलणे आणि टायरमध्ये योग्य हवा ठेवणे स्वस्त पडते.

तरीही चालक फरक जाणवल्याचे सांगतात. जाणवतो तो आवाज. उघड्या फिल्टरचा फुत्कार केबिनपर्यंत येतो, गाडी जोरात पळतेय असे वाटते. टाकी फुल ते टाकी फुल असा हिशेब मात्र क्वचितच कुणी मांडतो.