विश्लेषण : ग्रीसमधील स्वस्त गावात स्थायिक होणे खरेच स्वस्त आहे का?

ग्रीसच्या ग्रामीण भागात घरे रिकामी आहेत आणि भाडी अथेन्सपेक्षा बरीच कमी आहेत. घरून काम करणारे तरुण आणि निवृत्त मंडळी या गावांकडे आकर्षित होत आहेत. मात्र गाव स्वस्त असले तरी तेथे राहण्याच्या परवान्यासाठी असलेली उत्पन्नाची अट कमी होत नाही.

गावे ओस का पडली?

२०११च्या जनगणनेत ग्रीसची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८ लाख होती. २०२१ मध्ये ती सुमारे १ कोटी ५ लाखांवर आली. २००९ नंतरच्या कर्जसंकटात बेरोजगारी २७ टक्क्यांवर गेली आणि लाखो तरुणांनी देश सोडला. जन्मदरही घटला. २०२३ मध्ये सुमारे ७१ हजार जन्म झाले, तर मृत्यू सुमारे १ लाख २८ हजार. याचा फटका एपिरस, थेसली आणि पेलोपोनीजच्या अंतर्भागातील गावांनाही बसला. पुरेसे विद्यार्थी नसल्याने २०२५-२६ या शैक्षणिक वर्षात देशभरातील सातशेहून अधिक शाळा उघडल्याच नाहीत.

‘गावात या, पैसे घ्या’ हे खरे का?

अँटिकिथेरा या बेटावर येणाऱ्या कुटुंबांना घर आणि तीन वर्षे दरमहा ५०० युरो देण्याची योजना २०१९ मध्ये जगभर गाजली. त्यामागे स्थानिक चर्चचा पुढाकार होता. पण ही योजना मोजक्याच कुटुंबांसाठी होती आणि त्यात ग्रीक कुटुंबांना प्राधान्य होते. अशा योजनेमुळे युरोपीय महासंघाबाहेरील नागरिकाला आपोआप वास्तव्याचा हक्क मिळत नाही.

भारतीयांसाठी मार्ग कोणते?

परदेशी कंपनीसाठी ऑनलाइन काम करणाऱ्यांसाठी ग्रीसने २०२१ मध्ये ‘डिजिटल नोमॅड’ व्हिसा आणला. त्यासाठी दरमहा किमान ३,५०० युरो उत्पन्न लागते. एका युरोला साधारण १०० रुपये धरले, तरी ही रक्कम साडेतीन लाख रुपये होते. जोडीदारासाठी तीत २० टक्के आणि प्रत्येक मुलासाठी १५ टक्के भर पडते. या व्हिसावर ग्रीक कंपनीत नोकरी करता येत नाही. निवृत्तिवेतन, भाडे, व्याज यांवर जगणाऱ्यांसाठी वेगळा परवाना आहे. त्याची उत्पन्नाची अटही आता ३,५०० युरो आहे आणि त्यावर कामच करता येत नाही. ग्रीसमध्ये २०२५ मध्ये किमान वेतन ८८० युरो होते, हे लक्षात घेतले की ही अट किती मोठी आहे ते कळते.

घर विकत घेतले तर?

साधे घर घेतल्याने परवाना मिळत नाही. ‘गोल्डन व्हिसा’साठी सप्टेंबर २०२४ पासून अथेन्स परिसर, थेसालोनिकी, सँटोरिनी, मिकोनोस आणि मोठ्या बेटांवर ८ लाख युरो, तर इतरत्र ४ लाख युरोंची गुंतवणूक लागते. वारसा इमारतींची दुरुस्ती किंवा व्यावसायिक जागेचे घरात रूपांतर केल्यास मर्यादा अडीच लाख आहे. म्हणजे गावातले तीस-चाळीस हजारांचे जुने घर यात बसत नाही. सीमाभागात आणि पूर्व एजियनमधील अनेक बेटांवर युरोपबाहेरील खरेदीदाराला विशेष परवानगी लागते. जुन्या घरांची मालकी अनेक वारसांत विभागलेली असते, त्यामुळे वकिलाकडून कागदपत्रे तपासून घेणे अपरिहार्य ठरते.

भारतातून पैसे पाठवण्यावरही रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे. एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच पाठवता येतात. ४ लाख युरो त्यात बसत नाहीत.

खर्च कुठे वाचतो, कुठे वाढतो?

भाडे, भाजी, ऑलिव्ह तेल, कॉफी यांत बचत होते. अटी पूर्ण करणाऱ्या निवृत्तांना परदेशी निवृत्तिवेतनावर १५ वर्षांपर्यंत केवळ ७ टक्के कर भरावा लागतो. उलट डोंगराळ गावांत हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यासाठी तेल किंवा लाकडावर मोठा खर्च होतो. बसफेऱ्या मोजक्या असल्याने गाडी लागते. तज्ज्ञ डॉक्टरसाठी जिल्ह्याचे शहर गाठावे लागते. सरकारी कार्यालयात ग्रीक भाषेवाचून अडते आणि गावातली शाळा पुढच्या वर्षी सुरू असेल याची खात्री नसते.

मग फायदा कोणाचा?

बाहेरून युरो किंवा डॉलरमध्ये कमाई येत असेल, मुलांच्या शाळेचा प्रश्न नसेल आणि प्रकृती ठणठणीत असेल, तर हा सौदा फायद्याचा आहे. तेथे जाऊन काम शोधू, असे म्हणणाऱ्यांसाठी तो नाही. विसंगती अशी, की या गावांना हवे आहेत हात आणि शाळेत जाणारी मुले. परवान्याची रचना मात्र श्रीमंत गुंतवणूकदार, निवृत्त आणि लॅपटॉपवाल्यांना अनुकूल आहे. ती बदलली नाही, तर घरांना नवे मालक मिळतील, पण शाळा बंदच राहतील. म्हणूनच निर्णय घेण्यापूर्वी उन्हाळ्यातल्या सहलीवर विसंबू नये. जानेवारीत त्याच गावात महिनाभर राहून पाहणे अधिक शहाणपणाचे.