अंबडचे पाणी आणि नांदूरचे पक्षी

निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर वसलेले नांदूरमधमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले ‘रामसर’ पाणस्थळ. 2020 च्या जानेवारीत ही वार्ता आली, तेव्हा नाशिक शहराने तिचे मनःपूर्वक स्वागत केले आणि ते योग्यच होते. परंतु अभिमान बाळगणे सोपे असते. अभिमानाच्या वस्तूचे जतन करणे कठीण. ज्या पाण्यावर तेथील पक्षी उतरतात, ते पाणी नांदूरला उगवत नाही. ते नाशिकच्या घाटांवरून, शहराच्या सांडपाण्याच्या नाल्यांना आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक पट्ट्यातून येणाऱ्या नंदिनीला पोटात घेत सुमारे 40 किलोमीटर खाली पोचते. म्हणून ह्या पाणथळीच्या रक्षणाचा प्रश्न केवळ निफाडचा नाही. तो अगोदर अंबडचा आणि नाशिकचा आहे.

नांदूरचा इतिहासच मोठा बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश अमदानीत तेथे बंधारा बांधला गेला, तो कालव्यांना पाणी देण्यासाठी. पक्ष्यांचा विचार तेव्हा कोणाच्याही मनात नव्हता. वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, उथळ डबकी आणि बेटे तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि इंजिनियरांच्या दृष्टीने जी हानी होती, तीच पाखरांच्या दृष्टीने पर्वणी ठरली. क्रौंच, चक्रवाक, रोहित आणि नाना जातींची बदके हिवाळ्यात तेथे मुक्कामास येऊ लागली. 1986 साली त्या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ हे नाव लोकांच्या तोंडी रुळले. आपल्या देवळालीचे नाव धारण करणारा आणि आज अत्यंत संकटग्रस्त गणला जाणारा ‘देवळाली मिनो’ हा चिमुकला मासाही ह्या पाणस्थळाच्या नोंदीत आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. पाणथळींच्या संवर्धनासाठी केंद्र सरकारने 2010 साली नियम केले आणि 2017 साली ते बदलून नवे आणले. ह्या नव्या नियमांत पुष्कळ चांगल्या गोष्टी आहेत. पाणथळीत भर घालून जमीन करू नये, कारखाना उभारू नये, कचरा टाकू नये, शहराचे वा उद्योगाचे अशुद्ध सांडपाणी सोडू नये, आणि गेल्या दहा वर्षांतील सरासरी महापूर पातळीपासून 50 मीटरपर्यंत कायम स्वरूपाचे बांधकाम करू नये, असे ते सांगतात. मात्र पाणथळीची व्याख्या करतानाच नदीचे पात्र, पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले तलाव आणि सिंचनासाठी उभारलेली पाणसाठ्याची कामे त्यांनी वगळली आहेत. नांदूरचा बंधारा स्वतः सिंचनाचाच होता, हे येथे ध्यानात घ्यावे. त्याला अभयारण्याचे आणि रामसरचे छत्र लाभले म्हणून तो निभावला. असे छत्र नसलेल्या लहान तळ्यांनी, ओढ्यांनी आणि नंदिनीसारख्या नद्यांनी कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

ह्या प्रश्नाला महाराष्ट्राजवळ एके काळी उत्तर होते. नदीच्या वर्गवारीप्रमाणे तिच्या काठापासून किती अंतरात कोणत्या प्रकारचे कारखाने असू नयेत, हे ठरवून देणारे नदी नियमन क्षेत्राचे धोरण राज्याने 2000 साली स्वीकारले होते. 2009 साली त्यात सुधारणा झाली आणि 2015 च्या फेब्रुवारीत ते मुळातच रद्द करण्यात आले. त्या धोरणाने उद्योगवाढीस अडथळा होतो आणि प्रदूषण रोखण्यास अन्य कायदे आहेत, असे समर्थन त्या वेळी पुढे आले. अन्य कायदे आहेत, हे खरे. जलप्रदूषणाचा कायदा तर 1974 पासून आहे. परंतु तो कायदा कारखान्याच्या नळातून काय बाहेर पडते, हे पाहतो. कारखाना मुळात कोठे असावा, हे नदी नियमनाचे धोरण पाहत असे. एकाने दुसऱ्याची जागा कशी भरून निघावी? दाराला कुलूप आहे म्हणून कुंपण काढून टाकावे, असा हा न्याय झाला.

शहरापुरती आणखी एक रेषा आहे, ती पूररेषेची. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढले, यावरून पूर मोजणाऱ्या नाशिककराला ती वेगळी समजावून सांगावयास नको. 2008 च्या महापुरानंतर निळ्या आणि लाल पूररेषांची चर्चा घराघरांत झाली; 2016 आणि 2019 च्या पुरांनी तिची पुन्हा आठवण करून दिली. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको आणि निळ्या-लाल रेषांमध्ये निर्बंध पाळूनच बांधावे, हे तत्त्व निर्विवाद आहे. पण ज्यांचे प्लॉट तिच्यात सापडले, त्यांना ती अन्यायाची वाटली आणि रेषा मागे सरकवण्याची मागणी सुरू झाली. त्यांतील अनेकांनी आयुष्यभराची पुंजी त्या जमिनीत घातलेली आहे. त्यांच्या अडचणीकडे आम्ही डोळेझाक करू इच्छित नाही. तथापि रेषा हलविल्याने पाणी हलत नाही. नदीच्या काठची सखल जमीन ही नदीचीच असते, ती पावसाळ्यात आपला हक्क बजावते, आणि एरव्ही तीच जमीन गाळ व घाण अडवून पाणी निवळण्यास हातभार लावते.

अंबडच्या कारखानदारांवर सगळे खापर फोडावे, असाही आमचा हेतू नाही. ह्या वसाहतीने सहस्रावधी कुटुंबांची चूल पेटती ठेवली आहे. शिवाय नदीत जाणारी घाण केवळ कारखान्यांची नव्हे. तुमच्या-आमच्या न्हाणीघरांतले आणि शौचकूपांतले पाणीही तिच्यात आहे. गोदावरीच्या प्रदूषणाचा प्रश्न 2012 साली जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला, तेव्हा महापालिका, उद्योग आणि शासन या सर्वांच्याच जबाबदारीची चर्चा झाली, ती उगाच नव्हे. समर्थ रामदासांनी जिच्या पाण्यात उभे राहून तप केले असे परंपरा सांगते, तीच ही टाकळीची नंदिनी. तिला आपण पुष्कळ वर्षे ‘नासर्डी’ म्हणत आलो, आणि नावाप्रमाणेच तिची गतही करून ठेवली.

खरा अन्याय कोणावर होतो, हे आता उघड व्हावे. अभयारण्याची मूळ हद्द सुमारे 100 चौरस किलोमीटरची, तर रामसर स्थळाचे क्षेत्र सुमारे 1,437 हेक्टर. ह्या मोठ्या हद्दीत नांगरटीची शेते आहेत आणि वस्तीची गावेही आहेत. तेथल्या शेतकऱ्याने विहीर, घर, रस्ता करताना वन्यजीवांचे नियम पाळावयाचे. आणि त्याच पाण्यात वरून शहराने आपली घाण सोडावयाची! निर्बंध खालच्याने सोसावेत आणि सवलत वरच्याने भोगावी, ही व्यवस्था टिकणारी नाही. ज्या दिवशी निफाडचा शेतकरी ‘मीच काय म्हणून?’ असे विचारील, त्या दिवशी आपणांस उत्तर सुचणार नाही.

तेव्हा आमचे म्हणणे इतकेच, की संरक्षणाची हद्द कचेऱ्यांच्या सोयीने न आखता पाण्याच्या वाटेने आखावी. पहिली गोष्ट, राज्याने नदी नियमनाचे धोरण अनुभवाने सुधारून पुन्हा आणावे. दुसरी, नाशिकच्या विकास आराखड्यात प्रत्येक नाला, ओढा आणि तळे त्याच्या पूररेषेसह स्पष्ट दाखवावे, म्हणजे प्लॉट घेणारा गृहस्थ आंधळेपणाने फसणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली देशातील 2,01,503 पाणथळींना नियमांचे संरक्षण देण्यास सांगितले आणि 2024 च्या डिसेंबरात त्यांची जागेवर पाहणी करून सीमा आखण्याची ताकीद दिली. त्या कामात जिल्ह्याने मागे राहू नये. तिसरी, अंबड-सातपूरचे आणि शहराचे सांडपाणी नंदिनीत शिरण्यापूर्वी कोठे, किती आणि कसे शुद्ध होते, याचा हिशेब दरमहा जनतेपुढे ठेवावा.

यांतील एकही मागणी अवाजवी नाही. हिवाळ्यात नांदूरला जाऊन दुर्बिणीतून पक्षी पाहणारे आपण सुशिक्षित लोक परतताना नंदिनीच्या पुलावरून नाक दाबून जातो. त्या दोन पाण्यांत अंतर आहे ते केवळ काही कोसांचे. ते एकच पाणी आहे, हे ज्या दिवशी आपल्या नियमांना कळेल, त्या दिवसापासून नांदूरचे रक्षण खऱ्या अर्थाने सुरू होईल.