विश्लेषण : हृदय सांधणारे एक्झोसोम विकत मिळतात का?

हृदयविकाराचा मोठा झटका आला की काही तासांत हृदयाच्या स्नायूतील सुमारे १०० कोटी पेशी मरू शकतात. अँजिओप्लास्टीने बंद रक्तवाहिनी उघडते, पण मेलेला स्नायू परत येत नाही. तिथे व्रण उरतो आणि पंप कमजोर होतो. तरुणपणीही हृदयाच्या स्नायुपेशी वर्षाला जेमतेम एक टक्का नव्या होतात.

म्हणून आधी आशा ठेवली गेली ती स्टेम सेलवर. त्यात फसवणूकही झाली. २०१८ मध्ये हार्वर्डने पिएरो अँव्हर्सा यांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घेण्याची शिफारस केली. तरी एक कोडे उरलेच. टोचलेल्या बहुतेक पेशी थोड्याच दिवसांत मरायच्या, मग प्राण्यांच्या हृदयात दिसलेली सुधारणा कशामुळे?

उत्तर सापडले पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांत. एक्झोसोम म्हणजे साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या या पुड्या. त्यांत प्रथिने आणि मायक्रो-आरएनए असतात. शेजारच्या पेशींना ‘मरू नका, सूज आवरा’ असा निरोप त्या देतात, म्हणा ना. २०१० मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी उंदरांत अशा कणांनी हृदयाची इजा कमी झाल्याचे दाखवले. या पुड्या पेशींसारख्या विभागत नाहीत, त्यामुळे गाठ होण्याची भीती कमी. अडचण वेगळीच आहे. शिरेतून दिल्यास बहुतेक कण यकृत आणि प्लीहेत जातात. शिवाय प्रत्येक खेप सारखी निघत नाही, मात्राही ठरलेली नाही.

कोल्हापुरात कसबा बावड्याच्या डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात स्टेम सेल व रिजनरेटिव्ह मेडिसिनचा स्वतंत्र विभाग आहे, तर सीपीआरमध्ये जिल्हाभरातून रुग्ण येतात. प्रयोगशाळा आणि खाटा एकाच शहरात असताना संशोधनाला सरकारी पैसा मिळायलाच हवा. त्याऐवजी बाजार पुढे धावतो आहे. केस, त्वचा, गुडघे यांसाठी एक्झोसोमच्या जाहिराती मोबाइलवर येतात. उद्या हृदयाच्याही येतील. अमेरिकेच्या एफडीएने २०१९ मध्येच अशा उत्पादनांबाबत इशारा दिला होता. भारतातही २०१९ च्या नियमांनुसार स्टेम सेलपासून बनवलेले उत्पादन ‘नवे औषध’ ठरते, म्हणजे चाचणी आणि परवानगी आधी, विक्री नंतर.

कुणी हृदयासाठी असे इंजेक्शन सुचवले, तर नातेवाइकांनी चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक मागावा. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत.