खुलभर दुधाचा हिशेब

श्रावणातला सोमवार आला की कितीतरी मराठी घरांत खुलभर दुधाची कहाणी वाचली जाते. इंदूर-बडोद्याकडे स्थायिक झालेल्या घरांतही ती आजीकडून नातीकडे गेलेली आहे. महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा असा राजाने संकल्प केला आणि घरातलं सगळं दूध देवळात आणण्याची दवंडी पिटवली. लोकांनी धाकापोटी वासरांना पाजलं नाही, मुलांना दिलं नाही. गावचं दूध ओतलं, तरी गाभारा काही भरेना. दुपारी एक म्हातारी आली. घरातली कामं आटोपून, लेकराबाळांना जेवू घालून, गाईवासरांची तोंडं बघून उरलेलं खुलभर दूध तिने ओतलं आणि गाभारा काठोकाठ भरला.

माझ्या आजीला ही कहाणी तोंडपाठ होती. तिची शाळा तिसरीत सुटली. पण देवाधर्माचं सगळं शास्त्र तिने या एका कहाणीतून काढलं होतं. ‘आधी लेकरं, मग वासरं, मग देव,’ असं ती म्हणायची. देव शेवटी आला म्हणून त्याचं काही कमी होत नाही, असा तिचा ठाम विश्वास होता.

आमचं घर सातारा जिल्ह्यातल्या लोणंदचं. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडते, नीरेत पादुकांना स्नान होतं आणि पालखी लोणंदला मुक्कामाला येते. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटरचं. लोणंदपर्यंत चालून आलेल्या पायांची काय दशा झालेली असते, ते आम्ही लहानपणापासून पाहत आलो. आजी घंगाळात ऊन पाणी, वाटीत कोमट तेल, फोडांसाठी सुई-दोरा आणि चुलीवर पिठल्याचं पातेलं अशी तयारी करून दारात उभी असायची. गळ्यात तुळशीची माळ असूनही ती स्वतः कधी पायी वारीला गेली नाही. ‘तो वाटेवरच भेटतोय, तर मागनं कशाला धावू?’ असं हसून म्हणायची.

या वारकऱ्यांसाठी धान्य कुठून यायचं, याचं उत्तर माजघरातल्या एका गाडग्यात होतं. दळण निवडताना दर शेरामागे एक मूठ ज्वारी ती बाजूला टाकायची. शिवाय तिचे उपास. दोन्ही एकादश्या आणि सगळे सोमवार. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याकडे उगाच आलेली नाही. साबुदाणा, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी असा थाट केला तर उपास रोजच्या जेवणापेक्षा महाग पडतो. आजीचा उपास मूठभर शेंगदाणे आणि गुळाच्या खड्यावर निभायचा. त्या दिवशीच्या तिच्या वाटणीच्या भाकरीची ज्वारी मोजून गाडग्यात पडायची. ज्या उपासाने गाडग्यात काही पडत नाही, तो उपास तिच्या लेखी पुण्याच्या खात्यात जमा होत नसे.

या खात्याची खरी परीक्षा दुष्काळात झाली. 1972 साली पावसाने दगा दिला. विहिरी आटल्या, माणसं खडी फोडायला गेली, रेशनवर परदेशातली तांबडी मिलो आली. वडील तेव्हा नऊ वर्षांचे होते. त्या लाल भाकरीची चव ते अजून विसरलेले नाहीत. 1973 च्या आषाढात पालखी यायच्या वेळी आजोबा म्हणाले, ‘यंदा दिंडीला निरोप धाडू. आपल्यालाच पुरत नाही.’ आजीने गाडगं उपडं करून ज्वारी मापट्याने मोजली. आधी पोरांचं बाजूला काढलं. मग म्हणाली, ‘चाळीस नको, दहा येऊ देत. पण उंबरा रिकामा नको.’ दहा वारकरी जेवून गेले. त्या वर्षी पोरं उपाशी राहिली नाहीत, हे वडील आवर्जून सांगतात. आजी त्या दिवसांत काय जेवत होती, हे मात्र त्यांना आठवत नाही. कुणी पाहिलंच नव्हतं.

ते पाहिलं माझ्या आईने, सून होऊन आल्यावर. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर आजी पातेल्याच्या तळाशी उरलेलं खायची. एके दिवशी अंगणातच तिला भोवळ आली. डॉक्टरांनी अंगात रक्त फार कमी असल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या, पालेभाजी आणि दोन वेळचं पोटभर जेवण बजावलं. आजी गोळ्या घेई, पण ताट काही आधी वाढून घेईना. तेव्हा एका सोमवारी आईने तिचीच कहाणी तिला ऐकवली आणि विचारलं, ‘आत्या, त्या म्हातारीने घरातल्या सगळ्यांचा आत्मा थंड केला, म्हणून गाभारा भरला ना? मग तुम्ही या घरातल्या नाही का?’

आजी बराच वेळ गप्प राहिली. मग पाट ओढून सगळ्यांच्या पंगतीत बसली. त्यानंतर तीस-पस्तीस वर्षं ती आमच्याबरोबरच जेवली. एकादश्या राहिल्या, सोमवार सुटले. गाडगं मात्र सुटलं नाही. फक्त त्यात मूठ टाकायचं काम घरातल्या प्रत्येकाकडे आलं, पुरुषांकडेसुद्धा.

आजी आता नाही. तिच्या श्रद्धेचं आणि दातृत्वाचं कौतुक सगळे करतात, आणि ते खरंच आहे. पण आपल्याकडे आजीचं कौतुक करताना ‘ती नेहमी सगळ्यांच्या मागून जेवायची’ हे वाक्य फार अभिमानाने उच्चारलं जातं. तिच्या त्या उपाशीपणावर घरादाराने पुण्य कमावलं, हे आपण सोयीने विसरतो. राजाचा गाभारा भरला नाही, कारण त्याने दुसऱ्याच्या तोंडचं काढून देवाला वाहिलं. घरातल्या एकाच बाईच्या तोंडचं काढून केलेलं दानही त्याच जातीचं.

आपल्या घरातही असं एखादं गाडगं असेल, नसेल तर जरूर ठेवावं. मूठ मात्र सगळ्यांची पडू द्यावी. आणि ती टाकण्याआधी एकदा पंगतीकडे नजर फिरवावी. वाढणारी अजून उभी असेल, तर आधी तिचा पाट मांडावा.